चाळिशी-पन्नाशीत लांब केस: ठेवायचे की कापायचे? (निमित्त: आखडलेला खांदा)

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहिते क्वचित. वय ४९, मुक्काम कर्वेनगर. केस कमरेच्या खाली. वरून अजून बरे दिसतात, पण वेणी घातली की शेवटचा वीतभर भाग म्हणजे उंदराची शेपटी.

निमित्त खांद्याचं झालं. उजवा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर. हात पुढून कसाबसा कानापर्यंत जातो, मागे जातच नाही. फिजिओ सुरू आहे, पण हे दुखणं सावकाश सुटतं, वर्ष-दोन वर्षंही लागतात म्हणे. तोवर न्हाणं, गुंता सोडवणं, विंचरणं, सगळं एका हाताचं काम. वेणी नवरा घालून देतो. सुरुवातीला सुतळी वळल्यासारखे दोनच पेड घालायचा, आता तिपेडी जमते, फक्त ती डावीकडे कलते आणि ऑफिसात पोचेपर्यंत अर्धी सुटलेली असते. वेणीबद्दल बिचाऱ्याची तक्रार नाही. तक्रार मोरीच्या जाळीत अडकणाऱ्या केसांची.

तर कापावेत असं घरात बोलून दाखवलं आणि प्रत्येकाला मत फुटलं. सासूबाई: "सवाष्णीने केस कापू नयेत." लेक: "आई, सरळ बॉब कर." बहीण: "आत्ता कापलेस तर लोक म्हणतील, गळून संपले म्हणून कापले." ऑफिसातली मैत्रीण: "या वयात एवढे लांब केस काकूबाई दिसतात गं." पार्लरवाली: "कापू नका, स्मूथनिंग करून घ्या." (दर विचारला आणि घरी आले.)

माझे प्रश्न दोनच. शेवटाला विरळ झालेले केस या वयात पुन्हा भरतात का? आणि आता कापले तर पुन्हा एवढे वाढतील का? ज्यांनी कापले आणि ज्यांनी ठेवले, दोघींनी लिहा. प्रवचन नको.

कडूकारलं

कापा. केस आहेत, बँकेतली ठेव नाही.

सदाफुली५६

मी ठेवलेत. ५६ पूर्ण, केस कमरेपर्यंत, निम्मे पांढरे, रंग लावत नाही. शाळेत शिकवते. लांब केसांना वेळ फार लागतो हा समज मला कधी पटला नाही. सकाळी विंचरून अंबाडा घातला की रात्रीपर्यंत बघायचं नाही. उलट छोटे केस ठेवणाऱ्या माझ्या जावेला महिन्या-दीड महिन्याला पार्लरची वारी, नाहीतर आकार बिघडतो. वेळ जातो तो न्हाण्याच्या दिवशी. रविवार सकाळ त्यात जाते हे कबूल.

आणि "काकूबाई दिसतेस" याचं मला आजवर कळलेलं नाही. ५६ व्या वर्षी मी काकूबाई नाही दिसायचं तर कोण दिसायचं?

मात्र मुठाकाठताई, माझे दोन्ही हात डोक्यामागे जातात. तुमच्या जागी असते तर मीही विचार केला असता.

रातपाळी

मी कापणाऱ्यांतली. नर्स आहे. वीस वर्षं अंबाडा, वर जाळी, वर आकडे. ड्यूटी संपून अंबाडा सोडला की टाळू ठणकायची. चाळिशीनंतर कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस मागे सरकायला लागले. आमच्याच ओपीडीतल्या डॉक्टर म्हणाल्या, रोजची ओढ आहे ती, सैल बांध. तोपर्यंत अंबाडा इतका अंगवळणी पडला होता की सैल बांधताच येईना, म्हणून सरळ बॉयकट केला. गावी गेले तेव्हा मावशीने पहिला प्रश्न विचारला, "तिरुपतीला कधी जाऊन आलीस?"

हेल्मेट नीट बसतं हा मोठा फायदा. मानेवर अंबाडा असला की हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढे डोळ्यांवर येतं, मग बायका पट्टाच लावत नाहीत. दुचाकीवरच्या निम्म्या पुण्याला हे माहीत आहे, स्कार्फच्या आत काय चाललंय ते फक्त दिसत नाही. लांब केस ठेवायचेच असतील तर गाडी चालवताना खाली सैल वेणी आणि ती जॅकेटच्या आत.

केशकर्तव्य

पुरुषांनी लिहिलेलं चालतं का इथे? चालत नसेल तर उडवा.

मुठाकाठ, तुमच्या मिस्टरांसाठी. माझ्या दोन मुली, बायको फिरतीवर, त्यामुळे वेण्यांचा अनुभव दांडगा. वेणी कलते कारण आपण एका बाजूला उभे राहतो. बरोब्बर पाठीमागे उभं राहायचं, बाईंनी खुर्चीत बसून समोर बघायचं, मोबाइलमध्ये नाही. मानेपाशी आधी एक मऊ रबर लावून मग तीन भाग करायचे. प्रत्येक पेड टाकल्यावर दोन्ही हात बाजूला ताणून तो बसवायचा. शेवटचा पातळ भाग रबराने बांधण्याआधी दुमडून घ्यायचा, सुटत नाही. गुंता मात्र टोकापासून वर सोडवत जायचा. वरून कंगवा ओढला तर घरात शांतता राहत नाही.

मुठाकाठ

@केशकर्तव्य, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "मोबाइलमध्ये नाही" हे वाक्य दोनदा वाचायला लावलं गेलं.

खवले_आणि_पुरळ

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाला तपासता येत नाही, तेव्हा सर्वसाधारण माहिती समजा.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षं, काहींत त्याहून जास्त. मग दोन-तीन आठवडे वाढ थांबते, त्यानंतर सुमारे तीन महिने केस नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. रोज ५० ते १०० केस जाणं हा याच चक्राचा भाग. लांब केसांत तेवढेच केस गळले तरी पुंजका मोठा दिसतो, घाबरायला होतं.

आता हिशेब करा. वर्षाला जेमतेम १५ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या वेणीचं टोक पाचेक वर्षांपूर्वी डोक्याबाहेर आलेलं आहे. एवढी वर्षं ऊन, क्लिप, कंगवा आणि पाणी त्याने सोसलं. शिवाय वय वाढतं तसा, विशेषतः पाळी थांबण्याच्या सुमारास (आपल्याकडे सरासरी ४६-४७), अनेक केसांचा वाढीचा काळ आखडतो आणि केस बारीकही होतो. काही केस कमरेपर्यंत पोचतात, बरेचसे पाठीच्या मध्यावरच आयुष्य संपवतात. म्हणून शेपटी. ती तेलाने भरत नाही. वेणी जिथपर्यंत जाड आहे तिथवर ठेवून खालचं कापलं तर तेच केस दाट दिसतात. कापल्याने केस जाड उगवत नाहीत किंवा भरभर वाढत नाहीत, मूळ कातडीत आहे, कात्रीला ते कळत नाही. पुन्हा वाढतील का? वाढतील, पण पंचविशीतल्या लांबीपर्यंत पोचतीलच असं नाही.

गळती आणि विरळपणा वेगळा. भांग रुंद होत चालला, समोरची कड जागेवर आणि मधला भाग मात्र विरळ, तर दाखवून घ्या. औषधं आहेत, मिनॉक्सिडिल त्यातलं जुनं. पण फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं जातं. ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात. ते बहुतेक परत येतात, नुसता धीर लागतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढं बघितलेलं बरं.

दोन गोष्टी मुद्दाम. एक: केसांसाठी बायोटिनच्या (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. जास्त डोसमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिलेला आहे. दोन: मुठाकाठ, फ्रोझन शोल्डर मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत जास्त दिसतो. साखर आणि थायरॉइड तपासलंय का?

मुठाकाठ

साखर तपासली, ठीक आहे. थायरॉइडचं कुणी सुचवलंच नव्हतं. या आठवड्यात देते रक्त. बायोटिन घेते हो, मैत्रिणीने सांगितलं म्हणून. बरं झालं विचारलंत.

कडूकारलं

घ्या. धागा केसांचा आणि निघालं रक्त.

जुनी_पेठ

मला त्या "सवाष्णीने केस कापू नयेत" वर थांबायचं आहे. सासूबाईंचा राग नाही, त्यांनी ऐकलं तेच सांगितलं. पण या वाक्याचा जोडीदार कुणी उच्चारत नाही: विधवेने ठेवू नयेत. एकाच नाण्याच्या दोन बाजू. बाईचा केस तिच्या नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर टांगलेला. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून संप केला. बायकांच्या डोक्यावरच्या केसांसाठी वस्तरा धरणाऱ्यांनी हात आखडता घेतला, हे आजही वाचताना अंगावर काटा येतो. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन पुण्यात आलं. रमाबाईंचे फोटो पाहा, केस बारीक कापलेले. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली, ती पुढे हिंगण्याला गेली. म्हणजे मुठाकाठ, तुमच्या कर्वेनगरातच. घरातून निघालात की त्या रस्त्यावरूनच जात असाल.

सासूबाईंना हे सगळं ऐकवा असं म्हणत नाही. त्यांना चहा द्या आणि खांदा दुखतो म्हणा. तो त्यांना लगेच कळेल, त्यांचाही कधीतरी दुखला असणार.

सदाफुली५६

जुनी_पेठ, अनुमोदन. पण आजचा जाचही कमी नाही हो. तेव्हा "कापू नका", आता "चाळिशीनंतर लांब केस शोभत नाहीत, कापा, तरुण दिसाल". हा कुठला नवा पंचांगकार? मी केस ठेवते म्हटलं की मागासलेली, पांढरे ठेवते म्हटलं की आळशी. कापणारी मात्र आपोआप बिनधास्त! माझी एक मैत्रीण सासरच्या धाकाने लांब केस ठेवायची, आता मुलीच्या धाकाने आखूड ठेवते.

कडूकारलं

हे मान्य. माझं वरचं "कापा" खांद्यासाठी होतं, वयासाठी नव्हतं. नोंद घ्यावी.

नूपुर_झंकार

मी नाचते, भरतनाट्यम, आता जास्त शिकवते. वय ५२. लांब वेणी आमच्या वेशाचाच भाग, पण मी स्वतःचे केस खांद्यापर्यंत आणून मोकळी झाले आणि कार्यक्रमाला गंगावन लावते. तुळशीबागेत मिळतं. दुकानदार सगळ्यालाच "ओरिजिनल केस आहेत ताई" म्हणतो. दोन-चार केस मागून घ्यायचे, घरी येऊन काडी लावायची. खरा केस जळून चुरा होतो आणि जळक्या पिसाचा वास येतो, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. नायलॉनचं वाईट असतं असं नाही, स्वस्त आणि धुवायला सोपं, फक्त दिव्यांत चकाकतं. सणासुदीला खोपा, वेणी, गजरा यांची हौस असेल तर गंगावनाने भागते. मुठाकाठ, कापल्यावर हळदीकुंकवाला काय करू ही काळजी असेल तर एवढ्यावर सुटते.

मेंदीभक्त

पांढऱ्या केसांचं बोला कुणीतरी. कमरेइतक्या केसांना मेंदी लावायची म्हणजे लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेला डोंगर, दोन जणींचे हात आणि मानेवर ओलं ओझं. मी केस निम्मे केले ते या एका कारणाने.

खवले_आणि_पुरळ

मेंदी शुद्ध असेल तर पांढऱ्या केसावर तांबूस-केशरीच रंग येतो. काळा हवा तर वरून नीळ लावावी लागते. पाकिटावर "काळी मेंदी" आणि अर्ध्या तासात काळेभोर केस म्हणजे आत पीपीडी (हेअर डायमधलं रसायन, अनेकांना त्याची ॲलर्जी येते) असण्याची दाट शक्यता. कपाळ सुजून, पापण्या मिटून माझ्याकडे येणारे यातलेच असतात. आधी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा, आणि वर्षानुवर्षं लावत असलात तरी नवीन पाकिटाला पुन्हा थांबा. स्मूथनिंगबद्दल एवढंच: इस्त्री फिरवताना डोळे-नाक चुरचुरत असेल तर फॉर्मल्डिहाइड सुटत असण्याचा संभव आहे. उठून बाहेर या.

टँकरग्रस्त

सगळे हार्मोनला दोष देताय, पाण्याचं कुणी बोलत नाही. आम्ही कोथरूडला होतो तेव्हा खडकवासल्याचं पाणी, केस मऊ. बाणेरच्या पलीकडे राहायला आलो, सोसायटीत बोअर आणि टँकर, केसांची झाडू झाली. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तोच केसांवर बसतो. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या मशीनच्या पाण्याचे घेते, त्यात थोडं लिंबू. फरक पडतो. पण लांब केसांना दोन तांबे पुरत नाहीत, म्हणून केस खांद्यापर्यंत. बिल्डरमुळे केस कापणारी मी एकटीच असेन.

खवले_आणि_पुरळ

जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून गळणं वेगळं, त्याचं खापर टँकरवर फोडून तपासण्या टाळू नका.

पुन्हा_वैशाख

हा धागा वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. माझी केमो झाली तेव्हा मी ४७ ची. केस तिसऱ्या आठवड्यात जायला लागले. आधीच कुणीतरी सांगितलं होतं म्हणून बारीक कापून घेतले होते. लांब केसांचे झुपके हातात येण्यापेक्षा ते सोपं गेलं. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी परत आले, आधी कुरळे, मग हळूहळू सरळ. आता मानेखाली आहेत आणि मी ते वाढवतेय, कारण मला वेणी घालायची आहे. वयाचा यात विचारही आलेला नाही.

मुठाकाठ, कापणार असाल तर केस देता येतात, कॅन्सरच्या रुग्णांच्या विगसाठी. साधारण किमान १२ इंच मागतात. रंगवलेले केस बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आधी विचारा. केस धुऊन पूर्ण वाळवायचे, वेणी घालून दोन्ही टोकांना रबर लावायचे आणि वरच्या रबराच्या वर कात्री चालवायची. आधी मोकळे कापून मग फरशीवरून गोळा केलेले चालत नाहीत, कारण मुळाची बाजू एकीकडेच असावी लागते. एका विगला अनेक जणींचे केस लागतात, तेव्हा शेपटी पातळ म्हणून लाजू नका. पार्लरवालीला हे आधी सांगा. माझ्या मैत्रिणीच्या केसांचे तिने मन लावून लेयर्स करून टाकले होते.

रातपाळी

वैशाखताई, वेणी होईल. आमच्या वॉर्डात रोज बघते.

केशकर्तव्य

थोडं अवांतर. कापायचेच तर एका हाताने काय बांधता येतं ते आधी बघा. आईचं मनगट मोडलं होतं तेव्हा तिचे केस अगदी आखूड केले, तर ते सारखे डोळ्यांवर यायचे आणि पिना लावायला पुन्हा दोन हात. खांद्याच्या थोडे खाली असले तर मोठा चिमटा एका हाताने लागतो.

मुठाकाठ

हा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. डाव्या हाताने चिमटा लावून पाहिला. आत्ताच्या लांबीला मावत नाही, अर्धे केस बाहेर. पाठीच्या मध्यापर्यंत आणले तर मावतील असं दिसतंय.

मुठाकाठ

उशिरा लिहितेय. रिपोर्ट आला, बायोटिन थांबवून मग रक्त दिलं होतं. टीएसएच वाढलेलं आहे, गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले केसांचं लगेच बघू नका, काही महिने जाऊ द्या. खांद्यालाही व्यायाम हाच उपाय, गोळीने तो सुटेल असं समजू नका म्हणाले. खवले_आणि_पुरळ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

केस कापले. पाठीच्या मध्यापर्यंत, जिथे वेणी जाड होती तिथवर. चौदा इंच निघाले, दोन रबरांत बांधून ठेवलेत, या आठवड्यात देऊन येते. चिमटा एका हाताने लागतो. बॉब केला नाही म्हणून लेक रुसली आहे. सासूबाईंना खांद्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी का नाही बोललीस?" आणि कपाटातून त्यांचे जुने चांदीचे आकडे काढून दिले. आता या केसांना ते जड होतात, पण मी काही बोलले नाही. बहिणीचं म्हणणं खरं ठरलं, दोघींनी विचारलं, "फार गळत होते का गं?" मी हो म्हटलं. गळत होतेच.

कडूकारलं

फोटो?

मुठाकाठ

नाही. 😄

टँकरग्रस्त

अभिनंदन ताई. बोअरच्या पाण्यासाठी वेगळा धागा काढते आहे. सॉफ्टनर बसवलेल्या सोसायट्यांनी तिथे खर्चाचे आकडे लिहावेत, आमच्या सभेत दाखवायचे आहेत.